न्यूझीलंडमधील पॅसिफिक समाज आणि सार्वजनिक ग्रंथालये

न्युए हे दक्षिण प्रशांत महासागरातील प्रवाळखडकाचे एक छोटे बेट आहे. बेटावरील वस्ती सतराशेच्या आसपास. न्यूझीलंडच्या २०१८ च्या जनगणनेत मात्र स्वतःची नोंद न्युए वंशाचे म्हणून करणाऱ्यांची संख्या ३०,८६७ भरली. म्हणजे बेटावर एक माणूस, तर न्यूझीलंडमध्ये अठरा. टोकेलाऊच्या तीन प्रवाळद्वीपांवर मिळून दीड हजारांच्या आसपास लोक राहतात. न्यूझीलंडमध्ये त्या वंशाचे ८,६७६ लोक नोंदले गेले. कुक बेटांच्या वंशाचे लोक न्यूझीलंडमध्ये ८०,५३२ होते आणि प्रत्यक्ष बेटांवर त्यांच्या सुमारे एक पंचमांश.

हे आकडे लोकसंख्याशास्त्राच्या दृष्टीने कुतूहलाचे आहेतच; परंतु सार्वजनिक ग्रंथालयांच्या नियोजनाच्या दृष्टीने ते अधिक महत्त्वाचे आहेत. स्थलांतरितांसाठी ग्रंथालय सेवा योजताना सर्वत्र एक गोष्ट गृहीत धरलेली असते. स्थलांतरिताची भाषा दुसऱ्या कोठल्या तरी देशात नांदती आहे, तेथे लेखक, मुद्रक व प्रकाशक आहेत आणि ग्रंथालयाने केवळ खरेदीची व्यवस्था करावयाची आहे, असे हे गृहीतक होय. ऑकलंडच्या ग्रंथालयास मराठी पुस्तके हवी असतील, तर पुण्या-मुंबईच्या विक्रेत्यांकडे मागणी नोंदवता येते. न्युए किंवा टोकेलाऊ भाषेतील पुस्तकांची मागणी कोणाकडे नोंदवावयाची? त्या भाषा बोलणाऱ्या समाजाचा मोठा भाग न्यूझीलंडमध्येच राहतो. तेथील ग्रंथालय या भाषांचे परदेशातील ठाणे नाही, तर त्यांचे मुख्य घर आहे. ही स्थिती स्वीकारली की खर्चाचे, संग्रहाचे आणि यशापयश मोजण्याचे सर्वच हिशेब वेगळ्या रीतीने मांडावे लागतात.

पार्श्वभूमी

न्यूझीलंडमध्ये ‘पॅसिफिक समाज’ या संज्ञेत सामोआ, टोंगा, कुक बेटे, न्युए, टोकेलाऊ, फिजी, तुवालु, किरिबाती इत्यादी बेटांहून आलेल्या लोकांचा व त्यांच्या वंशजांचा समावेश होतो. २०२३ च्या जनगणनेनुसार त्यांची संख्या ४,४२,६३२, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.९ टक्के होती. त्यांपैकी बहुसंख्य लोक ऑकलंड महानगरात, विशेषतः त्याच्या दक्षिण भागातील ओटारा व मांगेरे यांसारख्या उपनगरांत राहतात. वेलिंग्टनजवळचे पोरिरुआ हे दुसरे महत्त्वाचे केंद्र.

या लोकांना सरसकट ‘स्थलांतरित’ म्हणणे अचूक ठरत नाही. कुक बेटे व न्युए १९०१ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यात आली; पहिल्याला १९६५ मध्ये व दुसऱ्याला १९७४ मध्ये स्वशासन मिळाले, तरी तेथील लोक न्यूझीलंडचे नागरिकच राहिले. टोकेलाऊ आजही न्यूझीलंडच्या अखत्यारीतील प्रदेश आहे. सामोआवर न्यूझीलंडने १९१४ पासून १९६२ पर्यंत राज्य केले. या कारभारातील सर्वांत काळी नोंद १९१८ ची आहे. इन्फ्लुएन्झाचे रुग्ण असलेले ‘टालून’ हे जहाज विलगीकरणाविना आपिया बंदरात येऊ दिले गेले आणि सामोआच्या लोकसंख्येपैकी सुमारे पाचवा हिस्सा मृत्युमुखी पडला. न्यूझीलंडच्या तत्कालीन पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी २००२ मध्ये या काळातील कारभाराबद्दल सामोआची क्षमा मागितली.

दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना कामगार हवे होते, तेव्हा बेटांवरील माणसे आनंदाने बोलावली गेली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अर्थव्यवस्था आकसली आणि तीच माणसे अडचणीची वाटू लागली. १९७४ ते १९७६ या काळात मुदतबाह्य राहणाऱ्यांच्या शोधार्थ पहाटे घरांवर धाडी घालण्यात आल्या. मुदतीपेक्षा अधिक काळ राहणारे सर्वच देशांचे होते. रोख मात्र बेटवासीयांवर राहिला. पुढे १९८५-८६ च्या आकडेवारीच्या पाहणीत असे आढळले की, अशा लोकांत पॅसिफिक समाजाचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश असताना खटल्यांत ते ८६ टक्के होते. १ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी या धाडींबद्दल शासनाच्या वतीने औपचारिक माफी मागितली.

ग्रंथालयाच्या विषयात या इतिहासाचे प्रयोजन काय, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. ग्रंथालय हेही शेवटी एक सरकारी मेज असते. तेथे नाव, पत्ता व ओळखीचा पुरावा मागितला जातो. ज्या पिढीने पत्ता सांगण्याचे परिणाम भोगले, तिला सदस्यत्वाचा अर्ज निरुपद्रवी वाटेलच असे नाही. ‘हे लोक ग्रंथालयात येत नाहीत’ या विधानाचे मूळ पुष्कळदा वाचनाच्या आवडीनिवडीत शोधले जाते. ते अन्यत्रही असू शकते. १९७१ मध्ये ऑकलंडच्या तरुणांनी स्थापन केलेल्या ‘पॉलिनेशियन पँथर्स’ या संघटनेने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला, तसेच मुलांसाठी गृहपाठाची केंद्रेही चालवली. अभ्यासासाठी जागा व मदत यांची मागणी समाजात होतीच. ती पुरवण्यास प्रथम पुढे आले ते सरकारी यंत्रणेबाहेरचे लोक.

बाजारपेठेची मर्यादा

पुस्तकाच्या उत्पादनखर्चाचा मोठा भाग स्थिर स्वरूपाचा असतो. लेखन, संपादन, चित्रे, अक्षरजुळणी यांवरील खर्च पाचशे प्रतींसाठी करावा लागतो, तेवढाच पन्नास हजार प्रतींसाठीही. वाचकसंख्या लहान असेल तर प्रत्येक प्रतीवर पडणारा भार इतका वाढतो की, खासगी प्रकाशक त्या वाटेस जात नाही. न्यूझीलंडमध्ये सामोअन ही इंग्रजी व माओरी यांच्या खालोखाल सर्वाधिक बोलली जाणारी भाषा आहे. २०१८ मध्ये ती बोलू शकणारे एक लाखाहून थोडे अधिक होते. एवढ्या मोठ्या गटाची ही स्थिती, तर टोकेलाऊ भाषेविषयी वेगळे सांगावयास नको. शासनाच्या शिक्षण खात्याने पॅसिफिक भाषांतील बालवाचनाची ‘तुपु’ ही पुस्तकमाला काढली नसती, तर कित्येक शाळांत या भाषांतले छापील पान दिसले नसते. पॉलिनेशियन भाषांत ‘तुपु’ म्हणजे वाढणे, अंकुरणे.

मागणीच्या बाजूनेही गुंतागुंत आहे. पॅसिफिक समाजातील सुमारे दोन तृतीयांश लोकांचा जन्म न्यूझीलंडमध्येच झालेला आहे. २०१८ मध्ये या समाजाचे मध्यम वय २३.४ वर्षे होते, देशाचे ३७.४. सामोअन वंशाच्या लोकांत सुमारे निम्म्यांना सामोअन बोलता येते. कुक बेटांच्या व न्युएच्या वंशजांत स्वभाषा बोलणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले आहे. म्हणजे ग्रंथालयासमोर एकाच कुटुंबातले दोन वाचक उभे असतात. आजीला तिच्या भाषेतले वाचावयाचे आहे आणि नातवाला ती भाषा येत नाही. आजीसाठी संग्रह व नातवासाठी इंग्रजी पुस्तके, अशी विभागणी करणे सोपे आहे. परंतु ती केली की दोघांमधली भाषा ग्रंथालयाच्या हिशेबातून निसटते. द्विभाषिक बालपुस्तके आणि गोष्टींचे तास यांचे महत्त्व येथे आहे. ऑकलंडच्या ग्रंथालयांत सामोअन, टोंगन इत्यादी भाषांतून होणारे असे तास मुलांसाठी असतात खरे. पण त्यात बसलेली तरुण आई ही बहुधा तितकीच मोठी लाभार्थी असते.

वाचनाची निराळी रीत

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी पॉलिनेशियन भाषांना रोमन लिपी दिली आणि त्या शतकाच्या मध्यापर्यंत संपूर्ण बायबल सामोअन भाषेत उपलब्ध झाले. पुढे दीर्घकाळ घराघरांत पुस्तक होते ते हेच. संध्याकाळच्या प्रार्थनेला सारे कुटुंब एकत्र बसे, एक जण वाची व बाकीचे ऐकत. साक्षरता व्यापक होती. परंतु वाचन ही एकट्याने, मूकपणे, कोपऱ्यात बसून करावयाची गोष्ट नव्हती. शांतता राखा, एकेकट्याने बसा, बोलू नका, हा ग्रंथालयाचा परंपरागत शिष्टाचार या रीतीच्या नेमका उलट आहे. सामोअन भाषेत ग्रंथालयाला ‘फालेतुसी’ म्हणतात. ‘फाले’ म्हणजे घर आणि ‘तुसी’ म्हणजे पुस्तक, लेखन. ग्रंथांचे घर ही कल्पना परकी नाही. घरात बोलू नये, ही अट परकी आहे.

या समाजांत ‘वा’ ही एक मूलभूत संकल्पना आहे. दोन माणसांमधील वा दोन कुटुंबांमधील नात्याचे अंतर, जे जपावयाचे असते, ते ‘वा’. तसेच ‘तालानोआ’, म्हणजे निवांत, मोकळे संभाषण. ज्या ग्रंथपालांनी या समाजात काम केले, त्यांचा मार्ग चर्चमधून, बालवाड्यांतून व ज्येष्ठांच्या मेळाव्यांतून गेला तो यामुळेच. भित्तिपत्रकाने जे साधत नाही, ते पाळकाच्या एका वाक्याने साधते. मात्र या मार्गाचीही किंमत आहे. चर्चच्या द्वारे पोहोचणारी सेवा चर्चमध्ये न जाणाऱ्या तरुणांपर्यंत पोहोचत नाही, आणि त्यांची संख्या नगण्य नाही.

आधुनिक साहित्याने हे चित्र पालटण्यास मदत केली. आल्बर्ट वेंट यांची ‘सन्स फॉर द रिटर्न होम’ ही कादंबरी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूझीलंडमधील सामोअन तरुणाचे जगणे त्यात प्रथमच एका सामोअन लेखकाच्या इंग्रजीतून आले. सामोअन व तुवालु वंशाच्या कवयित्री सेलिना तुसिताला मार्श २०१७ ते २०१९ या काळात न्यूझीलंडच्या राजकवी होत्या. तेथे या पदाची व्यवस्था राष्ट्रीय ग्रंथालय पाहते, हे नमूद करण्याजोगे आहे. ओटाऱ्यातील मुलाला स्वतःसारखे नाव पुस्तकाच्या कण्यावर दिसणे ही गोष्ट देवघेवीच्या तक्त्यात बसत नाही.

मोजमाप आणि दंड

देवघेवीचा तक्ता हा खरा वादाचा विषय आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा खर्च न्यूझीलंडमध्ये मुख्यतः स्थानिक संस्था घरपट्टीसारख्या करांतून भागवतात आणि तो समर्थनीय ठरवण्यासाठी दरडोई देवघेव हे सोयीचे परिमाण वापरले जाते. मध्यमवर्गीय उपनगरात हे परिमाण चांगले दिसते. दक्षिण ऑकलंडमध्ये ते खाली येते. परंतु २०१८ मध्ये पॅसिफिक समाजातील दहापैकी जवळजवळ चार जण दाटीच्या घरांत राहत होते. अशा घरातील विद्यार्थी ग्रंथालयात येतो तो पुस्तक नेण्यासाठी नव्हे, तर टेबल, दिवा, संगणक व दोन तासांची निवांत जागा यांसाठी. तो तीन तास बसून रिकाम्या हाताने घरी जातो आणि हिशेबात त्याचा उपयोग शून्य धरला जातो. या परिमाणाच्या आधारे निधी वाटला, तर ज्या शाखेची गरज सर्वाधिक तिलाच कात्री लागते.

याच्या उलट दिशेने गेलेले एक उदाहरण म्हणजे ओटारातील डॉसन रोडवर २००१ मध्ये सुरू झालेले तरुणांचे ग्रंथालय. त्याचेही नाव ‘तुपु’च. वस्तीतल्या मुलांना शाळा सुटल्यावर जाण्याचे ठिकाण, ही त्यामागची भूमिका होती. २००७ पासून राष्ट्रीय ग्रंथालयाच्या पुढाकाराने सार्वजनिक ग्रंथालयांत मोफत इंटरनेट पुरवणारे जाळे उभे राहिले. बेटांवरील नातलगांशी बोलणे, नोकरीचा अर्ज भरणे, पैसे पाठवणे अशा कामांसाठी येणारा माणूस ग्रंथालयाचा वाचक की नव्हे, हा वाद तेव्हापासून चालू आहे. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीत वाचकाचा वेळ वाचवावा असे एक सूत्र आहे आणि ग्रंथालय ही वर्धिष्णु संस्था आहे असे दुसरे. त्या सूत्रांच्या कक्षेत हा माणूस निश्चितच येतो.

दंडाचा प्रश्न याहून बोचरा आहे. न्यूझीलंडच्या २००२ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार, स्थानिक संस्थेने सार्वजनिक ग्रंथालय चालवल्यास तेथील रहिवाशांना सदस्यत्व विनामूल्य मिळते. प्रवेश मोफत, मात्र पुस्तक परत करण्यास उशीर झाल्यास दंड, अशी रचना दीर्घकाळ होती. अर्थशास्त्रीय दृष्टीने दंड ही एक किंमत आहे आणि ती सर्वांना सारखी नसते. सुस्थितीतील वाचक ती जणू जास्त दिवसांचे भाडे म्हणून भरतो. पाच-सहा मुलांच्या घरात प्रत्येकाने दोन-तीन पुस्तके आणली, आजारपण आले, गाडी बंद पडली आणि पुस्तके महिनाभर घरीच राहिली, की दंडाची रक्कम आठवड्याच्या किराण्याशी स्पर्धा करू लागते. मग कार्ड गोठवले जाते आणि मुलाबरोबर त्याच्या धाकट्या भावंडांचीही ग्रंथालयाशी ओळख तुटते. दंडातून मिळणारे उत्पन्न एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ. गमावलेले वाचक मात्र कायमचे. ऑकलंडने सप्टेंबर २०२१ पासून उशिराचा दंड रद्द केला. पॅसिफिक समाजाच्या नावाने आखलेल्या कित्येक खास उपक्रमांपेक्षा हा सर्वांना लागू असलेला निर्णय त्या समाजाला अधिक उपयोगी ठरण्याजोगा आहे.

तालिकेतील अडथळे

काही अडथळे वाचकाला दिसतही नाहीत. ड्यूईच्या दशांश वर्गीकरणात भाषांचा वर्ग ४०० चा. इंग्रजीला ४२०, जर्मनला ४३०, फ्रेंचला ४४० असे प्रशस्त दालन, आणि उरलेल्या जगाला ४९० हा ‘इतर भाषां’चा कप्पा. त्या कप्प्याच्याही अगदी शेवटी, ४९९ मध्ये, प्रशांत महासागरातील भाषा येतात. एकोणिसाव्या शतकातील एका अमेरिकन ग्रंथपालाच्या दृष्टीला जे क्षितिजापलीकडे होते, ते ओटाऱ्यात घरचे आहे. यास्तव अनेक शाखांत क्रमांकाची शिस्त बाजूला ठेवून पॅसिफिक संग्रह स्वतंत्र मांडणीवर, दर्शनी जागी ठेवला जातो.

अक्षरांचाही प्रश्न आहे. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत जो भेद, तसे भेद सामोअनमध्ये पावलोपावली आहेत. एका शब्दाचा अंत्य स्वर ऱ्हस्व असला की अर्थ मुलगा, दीर्घ असला की वडील. रोमन लिपीत हा दीर्घपणा अक्षरावरील आडव्या रेघेने दाखवतात; जुन्या संगणकीय तालिकांतून ती रेघ गळून जात असे. नावांचेही तसेच. सामोअन व्यक्तीस कुलप्रमुखाची पदवी मिळाली की ती नावाआधी लागते. आल्बर्ट वेंट हे माउआलाइवाओ आल्बर्ट वेंट होतात. तालिकाकाराने कोणते नाव प्रमाण मानावयाचे? शिवाय सर्व ज्ञान सर्वांना खुले असावे हे ग्रंथालयाचे तत्त्व वंशावळींच्या बाबतीत अडते. सामोआत पदव्या व जमीन यांचे हक्क वंशावळीवर अवलंबून असल्याने ती कुटुंबाची मालमत्ता मानली जाते. ती कोणालाही दाखवणे हे अभ्यासकाला उदारपणाचे वाटेल. कुटुंबाला तो अतिक्रम वाटू शकतो.

राष्ट्रीय पातळी

राष्ट्रीय ग्रंथालयाच्या २००३ च्या कायद्याने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. देशात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या, तसेच इलेक्ट्रॉनिक प्रकाशनांच्या प्रती तेथे जमा झाल्या पाहिजेत. आणि त्या ग्रंथालयाचा भाग असलेल्या अलेक्झांडर टर्नबुल संग्रहाने न्यूझीलंडबरोबर पॅसिफिक अभ्यासाचा विषयही विशेषत्वाने वाढवावा. ऑकलंडमधील एखाद्या मंडळाने काढलेली न्युए भाषेतील पुस्तिका त्यामुळे टिकून राहण्याची शक्यता वाढते. २०२० मध्ये राष्ट्रीय ग्रंथालयाने परदेशी प्रकाशनांपैकी सुमारे सहा लाख पुस्तके कमी करण्याची योजना जाहीर केली, तेव्हा बराच गदारोळ झाला. पॅसिफिक संग्रह मात्र त्या योजनेतून वगळला होता. जागा व पैसा अपुरा असताना कोणता संग्रह ‘आपला’ मानावयाचा, याचे उत्तर या वगळण्यात मिळते.

त्याच वर्षी ‘डिजिटल पासिफिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले. ऑस्ट्रेलिया शासनाच्या अर्थसाहाय्याने व न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संयोजनाने ते उभे राहिले. जगभरच्या संग्रहालयांत व ग्रंथालयांत विखुरलेल्या पॅसिफिक वस्तूंच्या, छायाचित्रांच्या व कागदपत्रांच्या नोंदी तेथे एकत्र शोधता येतात. मूळ वस्तू जेथल्या तेथेच राहतात, हे खरे. तरी वसाहतकाळात युरोपात गेलेली चटई निदान पाहावयास मिळते.

उणिवाही आहेत. पॅसिफिक भाषांचे सप्ताह दरवर्षी साजरे होतात. त्या आठवड्यात नृत्य, गाणी व फुलांच्या माळा यांनी ग्रंथालये गजबजतात. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांचे काय, हा प्रश्न त्या समाजातील कार्यकर्तेच विचारतात. ग्रंथखरेदीची तरतूद वाढवणे तुलनेने सोपे असते. भाषा जाणणारा कायम कर्मचारी नेमणे महाग पडते. अशा कर्मचाऱ्याकडे बहुधा त्याच्या पदाचे काम आणि समाजाचा दुभाषा म्हणून पडणारे काम अशी दोन कामे येतात, वेतन मात्र एकाचेच. २०२२ मध्ये शासनाने पॅसिफिक भाषांसाठी दहा वर्षांचे धोरण जाहीर केले. त्याच्या यशाची किल्ली बऱ्याच अंशी या नेमणुकांत आहे.

भारतीय वाचकाला जवळचा वाटेल असा एक गट या साऱ्या व्यवस्थेच्या फटीत अडकला आहे. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे साठ हजार भारतीय मजूर गिरमिटाखाली फिजीला नेले गेले. १९८७ मधील लष्करी उठावांनंतर त्यांचे अनेक वंशज न्यूझीलंडमध्ये स्थायिक झाले. चार-पाच पिढ्या प्रशांत महासागरात घालवूनही जनगणनेच्या वर्गीकरणात ते ‘भारतीय’, म्हणून ‘आशियाई’ ठरतात. पॅसिफिक समाजासाठी असलेल्या योजनांत त्यांची गणना होत नाही. त्यांची मातृभाषा फिजी हिंदी ही अवधी-भोजपुरीच्या मिश्रणातून घडली आहे आणि दिल्लीच्या हिंदीपासून बरीच दूर आहे. ऑकलंडच्या ग्रंथालयातील हिंदी पुस्तके भारतातून येतात. ती देवनागरीत असतात आणि त्यांची भाषा औपचारिक असते. फिजीतल्या आजीला ती आपली वाटत नाहीत. सुब्रमणी यांची ‘डउका पुरान’ ही फिजी हिंदीतील पहिली कादंबरी मानली जाते. २००१ मध्ये ती देवनागरीत प्रसिद्ध झाली आणि २०१८ मध्ये ‘फीजी माँ’ ही त्यांची दुसरी, हजारांहून अधिक पृष्ठांची कादंबरी आली. या दोन पुस्तकांची जागा हिंदीच्या कपाटात, की पॅसिफिक संग्रहात, हे प्रत्येक शाखेच्या ग्रंथपालाला आपापल्या वस्तीकडे पाहून ठरवावे लागते.